विश्लेषण : भरतकामाच्या सुईपासून मेंदूच्या बायपासपर्यंत… रक्तवाहिन्या शिवणाऱ्या नोबेलविजेत्या अलेक्सी कॅरेल यांचे नाव फ्रान्सने का पुसले?

कानाच्या पुढे, गालाचे हाड जिथे संपते तिथे हलकेच बोट ठेवले तर एक नाडी उडताना जाणवते. डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवणारी ही धमनी. मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर हीच धमनी सोडवून घ्यायची, कवटीला छोटेसे छिद्र पाडून आत न्यायची आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला शिवून टाकायची, या शस्त्रक्रियेला मेंदूचा बायपास म्हणतात. ज्या धमनीला जोड द्यायचा तिची जाडी अनेकदा जेमतेम एक ते दीड मिलिमीटर असते आणि धागा केसापेक्षा बारीक. असा जोड देता येतो, ही कल्पनाच १३० वर्षांपूर्वी बहुतेक सर्जनना अशक्य वाटत होती. ती शक्य करून दाखवणाऱ्यांत अग्रणी होते फ्रेंच सर्जन अलेक्सी कॅरेल. त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले, अमेरिकेत केलेल्या वैद्यकीय संशोधनासाठी मिळालेले ते पहिलेच. मात्र त्यांच्याच देशात पुढे त्यांच्या नावाच्या पाट्या उतरवण्यात आल्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा आल्या, याचा हा आढावा.

राष्ट्राध्यक्षांच्या हत्येशी काय संबंध?

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील लिऑन शहरालगत झाला. वडील कापड व्यवसायात होते. अलेक्सी पाच वर्षांचे असताना ते गेले. मुलाने पुढे वडिलांचेच पहिले नाव घेतले आणि वैद्यकीय शिक्षणासाठी लिऑनमध्येच प्रवेश घेतला.

२४ जून १८९४. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लिऑनमधील प्रदर्शनासाठी आले होते. रात्री मेजवानीनंतर ते बग्गीतून निघाले असताना सान्ते कासेरिओ या इटालियन अराजकवाद्याने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताला आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नीलेला जखम झाली होती. शहरातील नामांकित सर्जन जमले, पण कार्नो काही तासांतच दगावले. त्या काळी मोठी रक्तवाहिनी फाटली तर डॉक्टरांच्या हाती एकच उपाय असे, ती बांधून टाकणे. हाताची किंवा पायाची वाहिनी बांधली तर तो अवयव कापावा लागण्याची भीती. यकृताची बांधली तर माणूसच जाणार.

एकविसाव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी असलेल्या कॅरेल यांना हे पटले नाही. कापड शिवता येते, आतडे शिवता येते, मग रक्तवाहिनी का नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ज्येष्ठांसमोर तो बोलून दाखवणे फारसे शहाणपणाचे नव्हते. तो त्यांनी बोलून दाखवला.

भरतकाम कशासाठी शिकले?

रक्तवाहिनी शिवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. लिऑनमध्येच मॅथ्यू जाबुले यांनी १८९६ मध्ये प्राण्यांच्या धमन्या जोडून पाहिल्या होत्या, तर शिकागोच्या जॉन मर्फी यांनी माणसाच्या धमनीवर केलेला जोड १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण तीच होती. जोड दिला तरी काही वेळात आत गुठळी होऊन वाहिनी बंद. कारण शिवणकामाचे साहित्यच मुळात जाडजूड होते. सुईने पडलेले भोक मोठे, धागा खरखरीत, आणि वाहिनीच्या आतल्या गुळगुळीत अस्तराला चिमट्यांचे ओरखडे. रक्ताला गोठायला एवढे निमित्त पुरते.

लिऑन हे रेशमाचे शहर. नाजूक सुई आणि मऊ धागा तिथे हॉस्पिटलपेक्षा शिवणकामाच्या दुकानात सहज मिळे. कॅरेल यांनी तिथूनच सुया आणि रेशीम आणले आणि शहरातील प्रसिद्ध भरतकाम करणाऱ्या मादाम लेरुदिए यांच्याकडे चक्क शिकवणी लावली. तरुण डॉक्टर कागदावर टाके घालण्याचा सराव करत होता, कागद फाटू न देता. सुई-धाग्याला त्यांनी व्हॅसलीनचा लेप दिला, म्हणजे भोकातून धागा सरकताना घर्षण कमी आणि रक्ताशी थेट संपर्कही कमी. जंतुसंसर्ग टाळण्याबाबत ते कमालीचे काटेकोर होते. त्या काळातील अनेक अपयशे तंत्राइतकीच अस्वच्छतेमुळे आली होती.

तीन टाक्यांची युक्ती नेमकी काय?

१९०२ मध्ये लिऑनच्या वैद्यकीय नियतकालिकात कॅरेल यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आहे की, आधी कुणाला का सुचली नाही, असा प्रश्न पडावा.

रबरी नळीचे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून शिवायचे आहेत, अशी कल्पना करा. नळी मऊ, तोंड गोल. एका बाजूने टाका घालताना सुई पलीकडच्या भिंतीतही घुसते आणि नळी मधोमध शिवली जाते. कॅरेल यांनी गोलाकार तोंडावर सारख्या अंतरावर तीन टाके घातले आणि त्यांचे धागे तीन दिशांना हलकेच ताणले. गोल तोंडाचा त्रिकोण झाला. आता वर्तुळ शिवायचे नव्हते, तीन सरळ रेघा शिवायच्या होत्या. ताणामुळे पलीकडची भिंत आपोआप दूर राहिली. एक बाजू शिवून झाली की धागे फिरवून दुसरी बाजू समोर आणायची. टाके असे की आतले अस्तर आतल्या अस्तराला भिडेल आणि धाग्याचा कमीत कमी भाग रक्ताच्या वाटेत येईल.

नाजूकपणावर एवढा भर का, हे पाइपलाइनच्या गणितातून कळते. नळीतून शांतपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. एवढाच दाब असताना सबंध नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. जोडापुरते आकुंचन असेल तर फटका तेवढा नसतो, पण एक मिलिमीटरच्या धमनीत टाका किंचित जास्त आवळला गेला किंवा अस्तराची कड आत दुमडली तर तो जोड असून नसल्यासारखा. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा फक्त दोन टक्क्यांच्या आसपास असला तरी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे एक पंचमांश तो एकटा वापरतो. तिथे कमी रक्त चालत नाही.

मग लिऑन का सोडावे लागले?

त्याच वर्षी, १९०२ मध्ये, कॅरेल यात्रेकरूंच्या गाडीतून डॉक्टर म्हणून लूर्दला गेले. या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री रोगी बरे होतात, अशी श्रद्धा होती. पोटाच्या क्षयाने मरणपंथाला लागलेली एक तरुणी त्यांच्या डोळ्यांदेखत सुधारली. कॅरेल यांनी जे पाहिले ते नाकारले नाही आणि चमत्कार म्हणून छातीठोकपणे मान्यही केले नाही. वैद्यकीय वर्तुळाने त्यांना भोळसट ठरवले, धार्मिक मंडळींनी अर्धवट श्रद्धेचा. हॉस्पिटलमधील कायम नेमणुकीच्या परीक्षेत त्यांना वारंवार अपयश येत होते, आता दार जवळपास बंदच झाले. १९०४ मध्ये ते मॉन्ट्रियलला गेले आणि तिथून शिकागोला.

शिकागो विद्यापीठात चार्ल्स गथ्री या शरीरक्रियाशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी दोनेक वर्षांत जे काम केले, त्यावर आजच्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा मोठा भाग उभा आहे. धमनीच्या तुटलेल्या भागात नीलेचा तुकडा बसवणे, कुत्र्याची किडनी काढून मानेत जोडणे, लहान वाहिनीच्या तोंडाभोवती मोठ्या वाहिनीच्या भिंतीची चकती ठेवूनच ती कापणे, म्हणजे जोड रुंद जागी देता येतो. या चकतीला आजही कॅरेल पॅच म्हणतात आणि अवयव प्रत्यारोपण करणाऱ्या कोणत्याही सर्जनला हा शब्द माहीत असतो. नोबेल मात्र एकट्या कॅरेल यांना मिळाले आणि गथ्री यांचे नाव मागे पडले. या कामात गथ्री यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. तो कमी नव्हता, एवढे नक्की.

न्यूयॉर्कमधील ती रात्र का महत्त्वाची?

१९०६ मध्ये कॅरेल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. काम प्राण्यांवरचे. मार्च १९०८ मध्ये एका सर्जनच्या अवघ्या काही दिवसांच्या मुलीला रक्तस्राव सुरू झाला आणि तो थांबेना. रक्त बाटलीत घेऊन न गोठता ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती, ती १९१४ नंतर आली. कॅरेल यांना रात्रीच बोलावण्यात आले. त्यांनी वडिलांच्या मनगटाजवळची धमनी थेट बाळाच्या पायातील नीलेला शिवली. वडिलांचे रक्त मुलीत वाहू लागले. पांढरी पडलेली मुलगी गुलाबी झाली आणि वाचली.

भरतकामाचा उपयोग काय, हे विचारणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर मिळाले नसते. प्राण्यांवरील प्रयोगांविरोधात न्यूयॉर्कमध्ये तेव्हा जोरदार मोहीम सुरू होती. या घटनेने संशोधकांची बाजू बळकट झाली.

१९१० मध्ये त्यांनी कुत्र्याच्या महाधमनीपासून हृदयाच्या धमनीपर्यंत दुसऱ्या रक्तवाहिनीचा तुकडा जोडून अडथळ्याला वळसा घालण्याचा प्रयोगही प्रसिद्ध केला. म्हणजे बायपासच. धडधडत्या हृदयावर हा जोड पुरेसा लवकर होत नव्हता आणि प्राणी वाचला नाही. माणसाच्या हृदयावर ही शस्त्रक्रिया रुळायला १९६० चे दशक उजाडले. हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र आल्यानंतर ती आवाक्यात आली. रॉकफेलरमधील कॅरेल यांच्या शस्त्रक्रियागृहात, प्रकाश डोळ्यांवर परावर्तित होऊ नये म्हणून सर्वांना काळे गाऊन घालावे लागत. पाहुण्यांना तो प्रकार जरा गूढ वाटे आणि वृत्तपत्रांना आवडे. १९१२ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, रक्तवाहिन्यांची शिवण आणि वाहिन्या व अवयवांचे प्रत्यारोपण यासाठी त्यांना नोबेल जाहीर झाले.

प्रसिद्धीने काय केले?

पहिल्या महायुद्धात कॅरेल फ्रेंच लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. आघाडीजवळच्या कॉम्पिएन्य येथील हॉस्पिटलमध्ये त्यांनी हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाबरोबर जखमा धुण्याची पद्धत बसवली. सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण रबरी नळ्यांतून ठरावीक वेळाने जखमेत सोडायचे. अँटिबायोटिक्स यायला अजून अवकाश होता. या पद्धतीने अनेक सैनिकांचे हातपाय वाचले.

त्यांचा दुसरा गाजलेला प्रयोग मात्र काळाच्या कसोटीला उतरला नाही. जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या ऊतीचा तुकडा त्यांनी काचपात्रात वाढवायला घेतला. त्या पेशी ३४ वर्षे, म्हणजे कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही दोन वर्षे, वाढत राहिल्याचे सांगितले गेले. पेशी अमर असतात, असा समज त्यातून पक्का झाला. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे दाखवले. पोषणासाठी वेळोवेळी घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्कातून ताज्या पेशीही पडत असाव्यात, हे आज सर्वात संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. नोबेलविजेत्याचा दावा असल्याने जवळपास अर्धशतक त्यावर प्रश्न विचारायला फारसे कुणी धजावले नाही.

१९३० च्या दशकात अटलांटिक एकट्याने विनाथांबा ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग त्यांचे सहकारी झाले. लिंडबर्ग यांनी बनवलेल्या काचेच्या पंपात शरीराबाहेर काढलेले प्राण्यांचे अवयव काही दिवस जिवंत ठेवता आले. त्यांची मैत्री घट्ट झाली. दुर्दैवाने विचारही जुळले.

वादाची सुरुवात कुठे झाली?

१९३५ मध्ये कॅरेल यांचे माणूस या विषयावरील पुस्तक आले आणि अनेक भाषांत प्रचंड खपले. त्यात शरीरशास्त्राबरोबर समाजाविषयीची ठाम मते होती. दुर्बल आणि मनोरुग्ण यांच्यावर समाज उगाच खर्च करतो, श्रेष्ठ वंशाची निपज व्हावी, गंभीर गुन्हे करणाऱ्यांना आणि गुन्हेगार मनोरुग्णांना विषारी वायूने संपवावे, असे त्यांनी लिहिले. सुप्रजननाच्या नावाखाली अशी मते तेव्हा युरोप-अमेरिकेत बरीच प्रतिष्ठित होती, हे खरे. पण १९३६ च्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी नाझी सरकारच्या या दिशेच्या उपायांची भलामण केली. काळाचा प्रभाव म्हणून याकडे काणाडोळा करता येत नाही. जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा तोपर्यंत अमलात आला होता आणि काही वर्षांतच तिथे हजारो रुग्णांना वायूने मारले गेले.

१९३९ मध्ये कॅरेल रॉकफेलरमधून निवृत्त झाले. फ्रान्सचा पाडाव झाल्यानंतर १९४१ मध्ये ते मायदेशी परतले आणि जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारने त्यांच्यासाठी मानवी समस्यांचा अभ्यास करणारी मोठी संस्था स्थापन केली. संस्थेने पोषण, लोकसंख्या, आरोग्य यावर पाहण्या केल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होताच त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि शत्रूशी हातमिळवणीचा आरोप झाला. खटला उभा राहण्यापूर्वीच ५ नोव्हेंबर १९४४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ब्रिटनीच्या किनाऱ्यालगतच्या सेंट गिल्दास या छोट्या बेटावर त्यांना दफन करण्यात आले.

टाका मेंदूपर्यंत कधी पोहोचला?

कॅरेल मेंदूचे सर्जन नव्हते. मेंदूपर्यंत जायला त्यांच्या तंत्राला आणखी एका साधनाची गरज होती, सूक्ष्मदर्शकाची. १९५१ मध्ये सी. मिलर फिशर यांनी मानेतील धमनी बंद पडल्याने होणाऱ्या पक्षाघातावर लिहिताना, अशा अडथळ्याला वळसा घालणारी शस्त्रक्रिया कधी तरी शक्य होईल, असे भाकीत केले. १९६० मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट विद्यापीठात ज्युलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिलिमीटरपेक्षाही बारीक वाहिन्या जोडून दाखवल्या. तिथेच पीअर्डन डोनागी यांच्या प्रयोगशाळेत तुर्की वंशाचे गाझी यासरगिल हे तंत्र शिकायला झ्युरिकहून आले. परतल्यावर ३० ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांनी कानापुढची धमनी मेंदूच्या धमनीला जोडली. दुसऱ्याच दिवशी डोनागी यांनी व्हर्माँटमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

या शस्त्रक्रियेत एका धमनीचे टोक दुसरीच्या कुशीला जोडले जाते. त्यामुळे कॅरेल यांच्या तीन टाक्यांऐवजी सहसा दोन टोकांना दोन टाके घेऊन मधली जागा शिवतात. तत्त्व तेच, आधी आकार धरून ठेवायचा, मग शिवायचे. रक्त जास्त हवे असेल तर पायातील नीला किंवा हातातील धमनी मध्ये बसवतात. ही कल्पनाही शिकागोच्या त्या दिवसांतली.

पण जोड टिकला म्हणजे रुग्णाला फायदा झाला का? १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला आणि न्यूरोसर्जन हादरले. ९६ टक्के जोड उघडे होते, तरीही केवळ औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघात कमी झाला नाही. योग्य रुग्ण निवडले नव्हते, अशी टीका झाली. म्हणून मेंदूला खरोखर रक्त कमी पडते आहे, हे स्कॅनवर पाहून रुग्ण निवडणारी चाचणी अमेरिकेत झाली. तिचे निकाल २०११ मध्ये आले. पहिल्या ३० दिवसांत त्याच बाजूचा पक्षाघात शस्त्रक्रिया झालेल्यांत १४.४ टक्के, न झालेल्यांत २ टक्के. दोन वर्षांनी आकडे जवळपास सारखे, २१ आणि २२.७ टक्के. २०२३ मध्ये चीनमधील ३२४ रुग्णांच्या चाचणीतही ठळक फरक दिसला नाही.

त्यामुळे काठिण्य येऊन बंद पडलेल्या धमनीसाठी हा बायपास आता सरसकट केला जात नाही. अचानक आलेल्या पक्षाघातात तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा नळीवाटे गुठळी काढणे हेच उपाय, तिथे तासातासाला किंमत असते. बायपास उरला आहे तो मोयामोया या आजारात आणि गुंतागुंतीच्या फुगवट्यात किंवा ट्यूमरमध्ये, जिथे मूळ धमनी बंद करण्यावाचून पर्याय नसतो. मोयामोयात मेंदूच्या बुडाशी असलेल्या धमन्या हळूहळू आक्रसतात आणि बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. एक्स-रे चित्रात ते धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून हे जपानी नाव. २०१४ मध्ये जपानमध्ये रक्तस्राव झालेल्या ८० मोयामोया रुग्णांच्या चाचणीत बायपासनंतर पुन्हा रक्तस्राव कमी आढळला, अर्थात सांख्यिकीदृष्ट्या फरक काठावरचा होता. लहान मुलांत अनेकदा थेट जोड न देता धमनी मेंदूवर नुसती पसरून ठेवतात आणि काही महिन्यांत नव्या वाहिन्या आपोआप फुटतात.

मग नाव केव्हा पुसले गेले?

युद्धानंतर फ्रान्समध्ये कॅरेल यांच्या नावाचे अनेक रस्ते होते. लिऑनच्या एका वैद्यकीय विद्याशाखेलाही त्यांचे नाव दिले गेले, ज्या शहराने त्यांना नोकरी दिली नव्हती त्याच शहरात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अतिउजव्या नॅशनल फ्रंटच्या नेत्यांनी कॅरेल यांचा गौरवाने उल्लेख सुरू केला आणि १९३५ चे पुस्तक पुन्हा उघडले गेले. वायूच्या त्या शिफारशी नव्या पिढीने प्रथमच वाचल्या. विद्यार्थी, प्राध्यापक आणि नागरिकांच्या मोहिमेनंतर एकेका शहरात रस्त्यांची नावे बदलली. १९९६ मध्ये लिऑनच्या विद्याशाखेला स्टेथोस्कोपचा शोध लावणारे रेने लेनेक यांचे नाव देण्यात आले. प्रत्यारोपणाच्या पाठ्यपुस्तकांत कॅरेल पॅच हा शब्द मात्र कायम आहे.